उज्वलाचं हत्यार

खंडेनवमीला पाटावर विळा, खुरपं आणि आमच्या ह्यांचा पाना मांडून मी हळद-कुंकू वाहत होते. सासूबाई भिंतीला धरून आल्या. "उज्वला, तुझं हत्यार कुठं हाय?" त्यांनी कोपऱ्यातल्या वाळू भरलेल्या तेलाच्या कॅनकडं बोट दाखवलं. पन्नाशीत मोबाईलवरच्या व्यायामवाल्या ताईचं बघून मी तो उचलायला लागले, तेव्हा "म्हातारपणी पैलवान व्हायला निघाली!" म्हणत याच हसल्या होत्या. श्रावणात त्या न्हाणीत पडल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. ताईनं शिकवल्याप्रमाणं गुडघे वाकवून, छातीशी धरून मी त्यांना उचललं. आज त्यांनी स्वतः कॅनला कुंकू लावलं. "आता तुझ्या मास्तरीणबाईला आण." मी ताईचा थांबवलेला व्हिडिओ पुढं धरला. सासूबाईंनी तिच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवताच व्हिडिओ सुरू झाला: "शाब्बास! पुन्हा उचला!" "न्हाई गं माय," सासूबाईंनी हात जोडले. "एकदा मला उचललं, लई झालं."