पणजोबांपासून सुरुवात

माझा कादंबरीकार मला लग्नाचं विचारायला घरी आला आणि त्याने चक्क पणजोबांपासून सुरुवात केली. चहावर साय धरली, कपाला कुणी हातही लावला नव्हता, आणि स्वारी अजून आजोबांच्या शाळेतच!

"अरे, मी कथा लिहिते," शेवटी न राहवून मी म्हटलं. "मधल्या सगळ्या पिढ्या काप आणि शेवटाला ये!"

त्याने थेट शेवट गाठला. "लग्न करशील?"

"हो!"

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबा आले. ते कवी, घरात कुणी काही बोललं की त्यातले शब्द खोडत फिरतात.

"तिन्ही शब्द जास्तीचे आहेत," चष्मा कपाळावर चढवत ते म्हणाले. "चहा आला तेव्हापासून तुमचे चारही हात एकमेकांत अडकलेत."