कोण कुठे उभे राहिले

एनिड गार्साइड पहिल्या फटक्याच्या चौथऱ्यावर चढल्या आणि त्यांनी समोर पाहिले. माणसे पुष्कळ जमली होती; पण जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. फार जवळ होती.

यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या या गोल्फ क्लबाचा रिवाज जुना आहे. वसंतातल्या एका रविवारी नवा कप्तान सर्वांदेखत एकच फटका मारून पद स्वीकारतो, आणि चेंडू जिथवर जाईल असे सभासदांना वाटते तिथे ते आधीच जाऊन उभे राहतात. ज्याच्या हाती चेंडू लागेल त्याला कप्तानाच्या खर्चाने प्यायला मिळते. नव्या कप्तानाविषयी कोणी चांगले बोलत नाही की वाईट. बोलण्याची गरजच नसते. क्लबाचे मत हिरवळीवर उभे असते.

क्लबाचा पगार घेणाऱ्याने क्लबाच्या दिवाणखान्यात बसू नये असा इथे नियम होता. तो होता तोवर क्लबाच्या पगारी शिक्षिका गार्साइडबाईंनी दिवाणखान्याच्या खिडकीबाहेरच्या गवतावर उभे राहून आत बसणाऱ्यांना खेळायला शिकवले. नियम गेला तोवर बाईंचे गुडघेही गेले होते. गेल्या शरदात अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात नेला, आणि नाताळापूर्वी समितीने त्यांना एकमताने कप्तान निवडले. या घटनांचा क्रम बाईंच्या नजरेतून सुटला नव्हता.

चिटणीस डेन्झिल क्रॉफ्ट त्यांच्या कोपराशी होता. सकाळपासून तो एकच गोष्ट निरनिराळ्या सभ्य शब्दांत सुचवत होता: फटका दुसऱ्या कोणी मारावा, बाईंनी स्टिकला नुसता हात लावावा, छायाचित्र छान येईल. नकार देणाराच असंस्कृत ठरावा इतक्या मृदूपणे विचारण्याची कला त्याला वंशपरंपरेने लाभली होती. बाईंनी तरीही नकार दिला होता.

"तुम्हाला आता कुणापुढे काय सिद्ध करायचंय, एनिड?" तो हळूच म्हणाला. "सगळ्यांचं तुमच्यावर प्रेम आहे."

"दिसतंय की. अगदी जवळून दिसतंय."

समोरचे चेहरे बाईंना आता धूसर दिसत. पण चेहऱ्यांची त्यांना कधीच गरज पडली नव्हती. उभे राहण्यावरून त्या माणूस ओळखत. हा टाचांवर रेलणारा, तो डावा खांदा पाडणारा, ती गुडघे आवळणारी. सगळे त्यांनीच घडवलेले. आणि कित्येक, बाईंच्या मते, अजून न घडलेले.

"त्यांना मागे सरकायला सांगा," त्या म्हणाल्या.

क्रॉफ्टने तोंडाशी हात धरून निरोप पोचवला. हशा पिकला. रांगेत कोणाला वाट करून द्यावी तेवढी माणसे सरकली. लमली नावाचा निवृत्त दंतवैद्य ओरडून म्हणाला की आम्हीही म्हातारे झालो, एनिड, उगाच पळायला लावू नका. पुन्हा हशा. दया करणाऱ्यांना स्वतःचा विनोद नेहमीच फार आवडतो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आधाराची काठी क्रॉफ्टच्या हाती दिली, पाय रोवले आणि डाव्या हाताने स्टिक उचलली. तेव्हा त्यांना ती दिसली. जमावाच्या कितीतरी पलीकडे, क्लबातले तगडे गडी एका फटक्यात चेंडू पोचवतात त्या वाळूच्या खड्ड्याशी, एक बाई एकटीच उभी होती.

क्रॉफ्टने ओशाळून सांगितले की ती ब्रेंडा हॉल्टबी आहे, पहाटेच लीड्सहून आली. जवळ ये म्हणून दोनदा सांगून पाहिले, ऐकत नाही. गार्साइडबाईंनी जिला सर्वांत जास्त रडवले आणि जिने पुढे देशाची स्पर्धा जिंकली ती हीच ब्रेंडा. आता ती स्वतःच शिकवताना दुसऱ्यांच्या मुलींना रडवत होती.

"चेष्टा करतेय की काय, कोण जाणे," क्रॉफ्ट पुटपुटला.

बाईंनी बराच वेळ तिकडे पाहिले.

"ब्रेंडाला चेष्टा करता येत नाही," त्या म्हणाल्या. "खूप शिकवून पाहिलं."

मग त्यांनी एका हाताने फटका मारला.

चेंडू उठला. जमावाच्या माना त्याच्याबरोबर वर गेल्या, मग मागे कलल्या, आणि मग सगळ्यांना पाठ फिरवून धावावे लागले. चेंडू त्यांच्या बऱ्याच पलीकडे पडला. ब्रेंडापासून मात्र तो अजून फार दूर होता. टाळ्या वाजल्या. लमली खरोखरच पळत होता. क्रॉफ्टने डोळे पुसले आणि अप्रतिम, अप्रतिम, या वयात, असे काहीसे म्हटले.

ब्रेंडाने टाळी वाजवली नाही. चेंडूकडेही ती धावली नाही. आनंदाने एकमेकांच्या पाठी थोपटणाऱ्या माणसांमधून ती सरळ चालत चौथऱ्यापाशी आली. ती आता गुरूच्या गळ्यात पडणार म्हणून लोकांनी वाट करून दिली, छायाचित्रकार सरसावला.

"चेंडूला स्टिक लागायच्या आधीच डोकं वर आलं, बाई," ब्रेंडा म्हणाली.

क्रॉफ्टने जमिनीकडे पाहिले. बाईंच्या चेहऱ्याची जी बाजू अजून त्यांचे ऐकत असे, ती शरदानंतर पहिल्यांदाच सैल झाली.

"ठाऊक आहे मला. जा, होतीस तिथेच उभी राहा."

ब्रेंडा वळली आणि वाळूच्या खड्ड्याकडे चालू लागली. बाईंनी डावा हात चिटणिसापुढे पसरला.

"पण रिवाजाप्रमाणे फटका एकच असतो, एनिड," तो म्हणाला.

"तो झाला. आता सराव. चेंडू द्या."