नापास क्रेट

"नालोंगो, तुमचे टोमॅटो आजारी आहेत," हारमेन म्हणाला आणि त्यानं क्रेट बाजूला सरकवला.

ट्रकभोवती जमलेल्या बायका खो खो हसल्या. माल फार पिकलाय, असं त्याला म्हणायचं होतं. वर्षभर गावात राहूनही त्याची लुगांडा भाषा अशीच लंगडत चालायची, पण अर्थ कळायचा. शहरातल्या व्यापाऱ्याला कडक, जेमतेम लाली आलेला टोमॅटो हवा असे. नालोंगोचा माल हाताला मऊ लागत होता.

"आमचा हारमेन म्हणजे शाळामास्तर," नामुतेबी म्हणाली. ती टोमॅटो पिकवणाऱ्या बायकांच्या गटाची अध्यक्ष आणि नालोंगोची शेजारीण. "स्वतःच्या आईलाही नापास करील."

हारमेन हसला नाही. तो हॉलंडमधला निवृत्त भाजीव्यापारी. गावचा माल थेट शहरात जावा म्हणून पदरमोड करून इथं आलेला. ट्रक त्यानंच मिळवून दिला होता. तेव्हापासून बुधवारच्या बाजाराला डोक्यावर टोपली घेऊन जाण्याची गरज कुणालाच उरली नव्हती. एका नालोंगोखेरीज.

ट्रक धूळ उडवत गेला. बायका घरोघर पांगल्या. हारमेननं क्रेटमधले टोमॅटो दोन टोपल्यांत ओतले. एक तिनं चुंबळीवर घेतली, दुसरी त्यानं खांद्यावर.

"मी नापास करतो म्हणून तुम्हाला चालावं लागतं," तो म्हणाला. "तेव्हा अर्धं ओझं माझं."

दर बुधवारी तो हेच म्हणायचा.

वाट दलदलीच्या कडेनं जाई. भेटेल त्याच्यापाशी थांबून ख्यालीखुशाली विचारायची. घरचे कसे? बरे. पीकपाणी? बरं. मग शब्द संपले की नुसते हुंकार, एकाचा एक, दुसऱ्याचा एक, हळूहळू विरत जाणारे. हारमेन ते मन लावून करायचा. नालोंगोच्या घरी मात्र हुंकाराला हुंकार देणारं कोणी नव्हतं. जुळ्यांची आई म्हणून तिला नालोंगो म्हणत. त्या जुळ्यांतला एक कंपालात मोटारसायकलवर सवाऱ्या नेई, दुसरा दुबईत पहारेकरी होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

चालता चालता हारमेन त्याच्या गावच्या भाजीच्या लिलावाबद्दल सांगे, आपल्या बायकोबद्दल सांगे. ती काचेच्या घरात काकड्या लावायची. ती वारल्यावर काचा कोणी पुसल्या नाहीत, असं तो एकदा म्हणाला होता.

"मग तुम्ही पुसायच्या," नालोंगो म्हणाली होती.

"आत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं."

यावर तिनं नुसता हुंकार दिला होता. त्यानंही.

टोमॅटो कधी तोडायचा हे नालोंगोला कळत नव्हतं असं नाही. तोडणीचा दिवस उलटून गेला तरी ती फळं झाडावरच ठेवायची. पुरती लाल झाली की मगच क्रेट भरायची. विधवा बाई आणि परका पुरुष उगीच बाजाराला निघाले असते, तर गावानं महिनाभर तेच चघळलं असतं. नापास क्रेट असला की कोणी काही बोलत नसे. एकदा ढगाळ हवेनं फळ पिकलंच नाही, तेव्हा तिच्या काळजाचं पाणी झालं होतं. पण हारमेनच्या कडक नजरेतून तोही माल सुटला नाही. इतक्या सरळ माणसाला आपण फसवतो, याचं तिला वाईट वाटायचं. पण पुढचा बुधवार आला की ती पुन्हा तेच करायची.

सोमवारी नामुतेबी कुंपणावरून डोकावली.

"ऐक गं, गटात बोलणं झालंय. आणखी एकदा नापास झालीस तर तुझी जागा दुसऱ्याला."

"देऊन टाका."

"वेडी की काय! बाजारात निम्म्या भावानं विकतेस आणि वर तंगडतोड. या खेपेला तुझा माल मी तोडणार. तू हातसुद्धा लावायचा नाहीस."

"तू कशाला उगीच..."

"तुझ्यासाठी नाही बाई. त्या म्हाताऱ्याकडे बघ जरा. तुझ्या टोपल्या वाहून त्याचे गुडघे कुरकुरतात. गेल्या बुधवारी चढावर बसकण मारली त्यानं. तू बघितलं नाहीस?"

नालोंगोनं बघितलं होतं. चपलेत खडा गेला, असं तो म्हणाला होता.

ती म्हणाली, "तोड."

बुधवारी पहाटे नामुतेबीनं कडक, हिरवट फळं तोडून क्रेट भरला. वर केळीची पानं अंथरली आणि सोपटाच्या दोरीनं करकचून बांधला. "आता नापास करून दाखव म्हणावं," ती म्हणाली.

नालोंगोनं बाजाराचा झगा पेटीतून काढला नाही. चुंबळही खुंटीवरच राहिली. घरातल्याच कपड्यांत ती रांगेत उभी राहिली. आज दुपारी काय करायचं, ते तिला सुचत नव्हतं.

नामुतेबी क्रेट रचायला ट्रकवर चढली. हारमेन रांगेतून पुढे येत होता. एकेक क्रेट उघडायचा, तळापर्यंत हात घालायचा, फळ दाबून पाहायचा. पास. पास. एका बाईच्या क्रेटमधला वरचा थर त्यानं काढायला लावला आणि खाली मऊ फळं निघाली तेव्हा तिच्याशी वादही घातला.

मग तो नालोंगोपाशी आला. तिचे घरचे कपडे, रिकामे हात त्यानं पाहिले. ती खाली मातीकडे बघत होती.

"फार पिकलेत," हारमेन म्हणाला आणि क्रेट उचलून त्यानं खांद्यावर घेतला.

नालोंगोनं मान वर केली. केळीची पानं जागची हलली नव्हती. सोपटाची गाठ नामुतेबीनं मारली होती तशीच होती.