जावक रजिस्टर

"शंतनू सर, थांबा. काय करायलाव? वेबसाइटच्या समद्या फायली त्याच फोल्डरात हायत. जुनं सॉफ्टवेअर काढलं की त्या बी जातील."

"कॉपी घेतलीय मी," शंतनू म्हणाला.

"कुठं ठेवली?"

"तिथंच. त्याच फोल्डरात."

सुकेशनीनं कपाळाला हात लावला. मानवतच्या या शिक्षण संस्थेची ती जुनीच रीत होती. मूळ कागदाच्या मागं त्याची झेरॉक्स टाचायची आणि दोन्ही एकाच कपाटात ठेवायची. वेगळी ठेवली की सापडत नाही, असं हेडक्लार्क रंगनाथरावांचं म्हणणं. एका वर्षी कपाटाला वाळवी लागली आणि तिनं मूळ कागदासकट झेरॉक्सही खाल्ली. रीत मात्र शाबूत राहिली. शंतनू संस्थेत आला त्याला चारच दिवस झाले होते. तो सचिव उद्धवरावांचा पुतण्या. काम त्याला अजून यायचं होतं, पण ही रीत त्यानं पहिल्याच दिवशी उचलली होती.

"तुमी ऑपरेटर हाव. ऑपरेटरचं बघा," म्हणत त्यानं बटण दाबलं.

सगळं गेलं. बारा वर्षांचे निकाल, नेमणुकांचे आदेश, वसतिगृहाच्या प्रवेशासाठी आलेले नऊशे अर्ज. नवं सॉफ्टवेअर मात्र झोकात सुरू झालं.

दुपारी उद्धवराव आले तेव्हा पुतण्या मान खाली घालून बसला होता. अर्जांची यादी दुसऱ्या दिवशी लावायची होती. तेव्हा सुकेशनीनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला. सॉफ्टवेअर बदलणार हे कळल्यावर आदल्या संध्याकाळीच तिनं सगळ्या फायली त्यावर घेतल्या होत्या. तसं कुणी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं ती कंत्राटी ऑपरेटर होती, आणि तिला कायम करायची फाइल याच महिन्यात बैठकीपुढं जाणार होती. अशात वेबसाइट बुडाली तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती.

तीन तासांत वेबसाइट पुन्हा उभी राहिली. अर्ज नऊशेच्या नऊशे परत मिळाले. उद्धवरावांनी चहा मागवला. नऊ वर्षं "ए सुकेशनी" असलेली बाई त्या दिवशी "सुकेशनीताई" झाली. तिला फार बरं वाटलं. का वाटू नये?

"ताई, केलं ते समदं लेखी द्या," उद्धवराव म्हणाले. "कधी कॉपी घेतली, कशावर घेतली, कुठं ठेवली. तुमच्या फायलीला लावतो. बैठकीत वाचून दाखवतो."

तिनं दोन पानं भरून लिहिलं, वळणदार अक्षरात. पेनड्राइव्ह स्वतःचा, हे लिहिलं. तो घरी नेला आणि रात्री कपाटात कुलपात ठेवला, हेही लिहिलं. शंतनूची चूक मात्र तिनं मुद्दाम गाळली. नवा माणूस, कशाला त्याच्या पोटावर पाय द्या. सही करून तिनं कागद दिला आणि घरी जाऊन आईला सांगितलं, "आई, आता काम झालंच म्हण."

कागद बैठकीत खरोखरच वाचला गेला.

सोमवारी तिला उद्धवरावांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर जावक रजिस्टर उघडं होतं. संस्थेतून कागदाचा कपटा बाहेर जायचा असला तरी आधी त्यात नोंद करावी लागे.

"ह्यात पेनड्राइव्हची नोंद कुठं हाय?" रंगनाथरावांनी विचारलं. ते तिच्याकडं बघत नव्हते.

तिला आधी काही कळेनाच. मग ती म्हणाली, "साहेब, मी न्हेला नसता तर आज एक फाइल राहिली नसती."

"ते खरंच हाय," उद्धवराव शांतपणे म्हणाले. "पण फायली घरी न्हेल्या, हे तू तुझ्या हातानं लिहून दिलंयस. दुसऱ्या कुणाची चूक झाली, असा एक कागद न्हाई."

त्यांनी एक पान तिच्यापुढं सरकवलं. त्यावर दोन ठराव होते. संस्थेची माहिती परवानगीविना बाहेर नेल्याबद्दल श्रीमती सुकेशनी यांची सेवा समाप्त. त्याच जागी श्री. शंतनू यांची कायम नेमणूक.

तिनं ते दोनदा वाचलं. तिला रडूही येईना. ती उठली आणि दाराशी पोचली.

"सुकेशनी, ते पान संगं घे," उद्धवराव मागून म्हणाले. "वेबसाइटवर टाकून मंग जा. शंतनूला ते अजून येत न्हाई."