भिंतीवरून दिसणारी टाकी

बन्सीलालनं शेगडी पेटवली. वर ठेवायला काही नव्हतं, म्हणून पाण्याचं पातेलं ठेवलं. पाणी उकळलं, ते मोरीत ओतलं, पुन्हा नवं ठेवलं. मग मागच्या दारात जाऊन पाहिलं. गोबरगॅसची लोखंडी टाकी अजून वीतभर वरच होती.

त्या टाकीची खोडच तशी. गॅस साठला की खड्ड्यातून वर यायची, जाळला की खाली बसायची. मागची भिंत बुटकी, त्यामुळे बोळातून जाणाऱ्या कुणालाही कळायचं, या घरात आज काही शिजलं की नाही. आणि शेजारची ताईबाई तर बघायचीच. सकाळी हंडा घेऊन जाताना एकदा, येताना एकदा. टाचा उंचावून, मान वाकडी करून. बन्सीलालला वाटायचं, उठावं आणि भिंत दोन हात वाढवून टाकावी.

गॅस नुसता सोडून दिला असता तर गल्लीभर वास गेला असता. शेण घालणं बंद केलं असतं तर प्लांट मेला असता. गावात चार जणांनी बांधले होते, तीन बंद पडले, याचाच चालू होता. भडगावच्या स्टॅंडवर चहा पिताना तो हेच सांगायचा. सांगायचा म्हणजे ऐकवायचा. सिलिंडर म्हणजे परावलंबन. मिक्सर चटणीची चव मारतो. टीव्ही आला त्या घरात माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. आणि कॉफी? कॉफी म्हणजे जळक्या चिंचोक्यांचं पाणी. माणसानं शेणावर शिजवावं आणि सुखानं जगावं. लोक ‘हो नाना’ म्हणायचे, कारण चहा त्याच्याकडून असायचा.

शेण कालवायची मात्र कुंदाबाई. त्याची बायको. थंडी असो, ताप असो, पहाटे उठून कुंडीत कोपरापर्यंत हात.

तीन महिन्यांपूर्वी शालिग्राम, त्यांचा मुलगा, धुळ्याहून जीप घेऊन आला. आईसाठी गॅसचा नंबर लावला होता, तो लागला. सिलिंडर, शेगडी, सगळं सोबत. बन्सीलाल ओट्यावरून उठलासुद्धा नाही.

"हाऊ सिलिंडर माना घरमा नको. ने परत."

पोरानं सिलिंडर पुन्हा जीपमध्ये चढवला. कुंदाबाईनं हात धुतले, पदराला पुसले आणि सिलिंडरच्या शेजारी जाऊन बसली.

"आठ वरीस शेण मी कालवं," ती म्हणाली. "कवतीक तुमनं व्हयनं."

गावाला त्यानं सांगितलं, सुनेला बरं नाही म्हणून कुंदा धुळ्याला गेली, येईल आठ-पंधरा दिवसांत. आणि माझं काय अडतंय, घरचा गॅस आहे, दोन वेळा ताजं करून खातो. खरं म्हणजे त्याला भाकरी थापता येत नव्हती. तो दुधात पाव बुडवून खायचा, नाहीतर शेव-मुरमुरे. ताईबाईनं एकदा वांग्याच्या भाजीची वाटी आणली, तर दारातूनच तिला परत लावून दिलं. "माझ्याकडं रोज होतं," म्हणाला. त्या दिवसापासून टाकी खाली बसवणं हे त्याचं कामच होऊन बसलं.

एकदा हळद शोधताना डब्यामागं कॉफीची पुडी सापडली. अर्धी संपलेली. वर रबर गुंडाळलेलं. म्हणजे तो स्टॅंडवर बोलत असताना ही इथं एकटी बसून प्यायची. त्याला राग आला. मग दूध ठेवलं आणि पुडी सोडली. तेवढाच गॅस जळेल. चव कडूच लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. दोन कप करायचा, एक प्यायचा. दुसरा गार झाला की तोही प्यायचा.

जानेवारीत एका सकाळी त्याला उठताच येईना. अंग भाजत होतं. शेण आता सालदार गडी कालवायचा, तोही अंधारातच बैल घेऊन शेतात गेला होता. घरात आवाज म्हणून नाही. पडल्या पडल्या त्याला एकच दिसत होतं. टाकी वर येत असणार. दुपार कलली. आता पार काठाच्या वर आली असणार. ताईबाई पाहत असणार, चार जणींना सांगत असणार, नानांचे खायचे वांधे झाले, बायको टाकून गेली.

तो उठला. भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत गेला. काडी ओढली, ती विझली. दुसरी ओढायच्या आत तो घसरत शेगडीखाली फरशीवर बसला तो बसलाच.

मागं धप्पकन आवाज झाला. ताईबाईचा नवरा जीवराम भिंतीवरून उडी टाकून आत आला होता. त्यानं पुढची कडी काढली. ताईबाई आत आली. तिच्या हातात भाताची पेज होती.

"मी आता सैपाकच करत होतो," बन्सीलाल म्हणाला. "कुंदा परवा येणार शे."

"नाना, ऱ्हाऊ द्या," ताईबाई म्हणाली. तिनं खाली बसून त्याचं कपाळ पाहिलं. "जीप गयी त्या दिनपाईन बठ्ठास्ले माहीत शे. तीन महिनामा या घरमाईन एकदा फोडणीना वास नही उना."

बन्सीलालचं तोंड तापानं आधीच लाल होतं, ते आणखी लाल झालं. सगळ्यांना सगळं माहीत होतं तर एवढं पाणी त्यानं कशासाठी उकळलं?

"मंग रोज भिंतवरून काय देखतस तुम्ही?" तो ओरडला. ओरडायला गेला, आवाज फाटला.

ताईबाईनं पेजेची वाटी त्याच्या ओठाला लावली.

"टाकी खाली गयी का समजतस," ती म्हणाली, "नाना उठनात, बरा शेतस."