अर्धी राहिलेली भैरवी

हेरंब टिपणीस दर महिन्याला नुकत्याच गेलेल्या नामवंतांवर मासिकात सदर लिहीत, आणि मेलेल्यांनाही चिमटे काढायला कचरत नसत. या महिन्यात गायिका कालिंदीबाई केरकर गेल्या होत्या. त्यांच्यावरचं शेवटचं वाक्य लिहून हेरंबराव स्वतःशीच हसले: ‘चाळीस वर्षांपूर्वी टीव्हीवर बाईंची भैरवी थेट चालू असताना बातम्यांची वेळ झाली म्हणून ती मध्येच तोडली, एकाही श्रोत्याची तक्रार आली नाही.’

तेवढ्यात त्यांच्या पुतणीचा, मुक्ताचा फोन आला. ती रेडिओ दुर्बिणीवर काम करायची.

“काका, हा आवाज कुणाचा, सांगा बघू.”

खरखरीतून भैरवीचे सूर आले. “अगं, या तर आपल्या कालिंदीबाई! कुठे मिळालं तुला हे?”

“वीस प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याकडून आलंय. जायला वीस वर्षं, यायला वीस.”

“म्हणजे कशावर तरी आपटून परत आलं?”

“आम्हालाही तसंच वाटलं होतं. पुढे ऐका.”

तान चढत चढत बातम्यांनी तोडलेल्या जागी आली. तान तुटली नाही. कुठल्याच माणसाच्या गळ्यातून निघणार नाही अशा एका आवाजाने ती अलगद उचलली, आणखी वर नेली आणि सावकाश समेवर आणून ठेवली.

हेरंबरावांनी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. मग लेखाच्या शेवटी त्यांनी आणखी एकच वाक्य जोडलं: ‘आज पहिली तक्रार आली.’