रविवारच्या आधीची सफाई

"फिनेलची बाटली कुठे गेली?" अक्षताने बाथरूममधून ओरडून विचारलं.

"समोरच्या सुशीलाबाईंना देऊन टाकली. ॲसिडचीही." आई स्टुलावर उभी होती. पंख्याच्या पात्यावर तिने उशीचा जुना अभ्रा चढवला होता आणि तो हळूच मागे ओढत होती. धूळ सगळी अभ्र्यात. खाली कणही पडला नाही.

"मग फरशी कशाने पुसायची?"

"रिठे उकळलेत. पातेलं आहे बघ गॅसवर."

अक्षता बाहेर येऊन बघत राहिली. तिची आई, कांता मेश्राम, पाटबंधारे खात्यातून नुकतीच निवृत्त झाली होती. कर्वेनगरच्या या फ्लॅटची सफाई दरवर्षी चौदा एप्रिलच्या तोंडावर निघायची, आणि दरवर्षी ॲसिडच्या वासाने दोघी खोकून बेजार व्हायच्या. यंदा सफाई लवकर निघाली होती आणि तिची तऱ्हाही वेगळी होती.

कारण आईने सकाळी चहा गाळताना सांगितलं होतं. "रविवारी एक स्थळ येतंय."

"आई!"

"नुसतं भेटायला काय हरकत आहे? नाही पटलं तर नाही म्हणू."

"आणि हे मला आज सांगतेस?"

"सांगतेय ना. तू घरात थांब, माणसं नीट बघ. तुझं मत मला हवंय." आईने कप पुढे सरकवला. "गजभिये म्हणून आहेत. मूळचे आपल्या भंडाऱ्याकडचेच, आता इथे पुण्यातच, मांजरीला असतात. त्यांच्याकडे दम्याचा त्रास आहे, फिनेलचा वास सोसत नाही."

अक्षता चहा न घेताच उठली. कंपनीने तिला हैदराबादला वरच्या जागेवर बोलावलं होतं आणि ते तिने आईला सांगितलेलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून या घरात दोघीच. आईला एकटीला टाकून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. आणि इकडे आई तिला मांजरीत देऊन मोकळी व्हायला निघाली होती! रविवारी त्या लोकांना तोंडावरच नकार सांगून टाकायचा, असं तिने ठरवलं.

तोवर कामाला हात लावणं भाग होतं. आणि काम करता करता, राग असूनही, तिला आईचं कौतुक वाटायला लागलं.

नळांवर चढलेला पांढरा थर ॲसिडनेसुद्धा पुरता गेला नव्हता. आईने जुन्या फडक्यांच्या पट्ट्या व्हिनेगरमध्ये भिजवल्या, नळांना गुंडाळल्या आणि सरळ जेवायला बसली. दुपारी पट्ट्या सोडून घासलं तर नळात तोंड दिसलं. एक्झॉस्ट फॅनची तेलकट जाळी तिने कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकून बुडवली. पितळी समईला चिंच आणि मीठ. कपाटात साड्यांच्या घड्यांमध्ये वाळवलेला कडुलिंब. आणि हे सगळं करताना आई गुणगुणत होती. कितीतरी वर्षांत अक्षताने ते ऐकलं नव्हतं.

"हे कुठे शिकलीस?"

"बागेत फिरायला जाते ना सकाळी. तिथं बोलणं होतं लोकांशी."

संध्याकाळी समोरच्या सुशीलाबाई नाक वर करून दारात उभ्या राहिल्या. "कांताताई, घर धुताय की लोणचं घालताय? जिन्यापर्यंत वास येतोय."

"व्हिनेगर आहे. तासाभरात जाईल."

"तुमचा वास जाईल. तुम्ही दिलेल्या फिनेलचा माझ्या घरातनं कधी जायचा?" त्यांनी आत डोकावून बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. "पण लखलखतंय हो! आरशात बघितल्यासारखं. एवढं कोणासाठी?"

"पाहुणे येणारेत."

"मुलीला बघायला?"

"अगं बाई, नळ चालू राहिला वाटतं," म्हणत आई आत गेली.

शनिवारी खिडक्या झाल्या. मग आईने बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर मऊ फडक्याने पुसली. सगळ्यात शेवटी बाबांचा फोटो. तो पुसून झाल्यावरही ती बराच वेळ हातात घेऊन बसली होती. मुलीच्या लग्नाला त्यांची परवानगी मागत असेल, असं अक्षताला वाटलं. पण निर्णय बदलला नाही.

रविवारी तिने मुद्दाम घरातलाच कुर्ता घातला. आईने मात्र नवी मोरपंखी साडी नेसली होती. "तू तरी बदल की," एवढंच ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात पळाली.

बेल वाजली. अक्षताने दार उघडलं. कडक इस्त्रीच्या शर्टातले, पिकल्या केसांचे एक गृहस्थ उभे होते आणि त्यांच्यामागे तिच्याच वयाची एक मुलगी. मुलगा गाडी लावत असेल.

"मी गजभिये. ही माझी मुलगी, नम्रता." आत पाऊल टाकताच त्यांनी सवयीने रुमाल नाकाशी नेला, मग हसून खिशात ठेवला. "वा! किती स्वच्छ घर!"

आत्ता नाही बोलले तर बोलणं होणारच नाही, हे अक्षताला कळत होतं.

"काका, बसायच्या आधीच सांगते. राग मानू नका, माणसं तुम्ही चांगली दिसता. पण मला हे लग्न करायचं नाही."

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज थांबला. नम्रताने ओठ घट्ट मिटून वडिलांकडे बघितलं.

"तुला कोण कर म्हणतंय, बाळ?" गजभिये गोंधळून म्हणाले. "मी तुझ्या आईला मागणी घालायला आलोय."